एकच खातेवही : जावास्क्रिप्टमधील साहाय्यक फंक्शनें

आपल्या चकलांब्याच्या आसपासचीं किती कुटुंबें ऊसतोडीस जातात, हें आपणांस ठाऊकच आहे. निघण्यापूर्वीं मुकादमाकडून उचल घ्यावयाची व पुढें ती मजुरींतून फेडावयाची, अशी रीत आहे. हिशेब चुकला तर साऱ्या हंगामाचा घाम वायां जातो.

हाच हिशेब जावास्क्रिप्टच्या पानावर मांडूं. उचल ५०,००० रुपये, फेड २०,०००. बाकीचा आंकडा पानाच्या माथ्यावर एक व यादींत दुसरा असा ठेवला, आणि फेड होतांच एकच बदलला, तर एकीकडे ३०,००० व दुसरीकडे ५०,००० दिसतील. खरा कोणता मानावा?

उपाय असा : मूळ माहिती, म्हणजे ‘स्थिति’, एकाच ठिकाणीं ठेवावी, तिला परस्पर हात लावूं नये. ‘फेड झाली’ एवढी नोंद द्यावी. साहाय्यक फंक्शन जुनी स्थिति व ती नोंद घेऊन नवी स्थिति परत देतें. जुनी खोडीत नाहीं. दुसरें फंक्शन उचलींतून फेड वजा करून बाकी काढतें. ती निराळी लिहून ठेवावी लागतच नाहीं.

डॅन अब्रामोव्ह व अँड्र्यू क्लार्क यांनीं २०१५ सालीं काढलेलें रिडक्स याच नियमानें चालतें. त्यांतील ‘कंबाइनरिड्यूसर्स’ हें साहाय्यक फंक्शन स्थितीच्या निरनिराळ्या भागांचीं लहान फंक्शनें एकत्र जोडतें.

कीर्दींत नोंद झाल्यावांचून खतावणी बदलूं नये, हा जमाखर्चाचा जुना धडा येथेंही खरा ठरतो. विद्यार्थ्यांनीं घरचा हिशेब या रीतीनें मांडावा व पालकांनीं तो तपासावा, अशी आमची विनंति आहे.