वाटीभर दाणे म्हणजे किती ग्रॅम?

मधुमेह, रक्तदाब किंवा वाढलेले कोलेस्टेरॉल असलेल्या रुग्णाला जो आहाराचा कागद मिळतो, त्यावर पुष्कळदा 'शेंगदाणे, बदाम किंवा अक्रोड रोज 30 ग्रॅम' अशी एखादी ओळ असते. अडचण सुरू होते ती कागद घरी आल्यावर. आपल्या स्वयंपाकघरात मापे चालतात ती वाटीची, मुठीची आणि चमच्याची. तराजू वाण्याकडे. मग 'मूठभर' असा अर्थ लावून आपण मोकळे होतो. मूठ कोणाची, हे कोणी विचारत नाही.

शेंगदाण्यात वजनाच्या चाळीस ते पन्नास टक्के तेल असते. 30 ग्रॅम दाण्यांतून सुमारे 170 उष्मांक मिळतात, म्हणजे जवळजवळ दोन मध्यम फुलक्यांइतके. वाटीभर दाण्यांतून पाचशेच्या आसपास. त्यामुळे इथे अंदाज चुकला तर पालेभाजीच्या चुकीसारखा तो पचून जात नाही.

वाटी मोजते ती जागा, वजन नव्हे. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे यांचे वजन सारखे नसते, हे जुन्या बायकांना कोणी शिकवावे लागले नाही. शिवाय वाट्याही घरोघरी वेगळ्या. कुठे 100 मिलिलिटरची, कुठे 200 ची. म्हणून आपल्या घरच्या वाटीचे वजन एकदा आपणच काढावे. वाण्याकडून पाव किलो शेंगदाणे नीट तोलून आणावेत आणि रोजच्या वाटीने, सपाट भरून, मोजावेत. ते पावणेतीन वाट्या भरले, तर एका वाटीत साधारण 90 ग्रॅम दाणे बसतात आणि आपले 30 ग्रॅम म्हणजे त्या वाटीचा तिसरा हिस्सा. अशी वाटी सुमारे 150 मिलिलिटरची असते. तीच बदामाने भरली तर वजन जवळपास तेवढेच, काजूंचे किंचित कमी. पण अक्रोडाचे अर्धे गर वेडेवाकडे, मध्ये पोकळी राहते, म्हणून ते साठ-बासष्ट ग्रॅमच भरतात. बदाम-अक्रोड मोजूनच घेणे सोपे. 30 ग्रॅममध्ये पंचवीसेक बदाम येतात, किंवा अक्रोडाचे चौदा-पंधरा अर्धे गर.

खरा घोळ होतो तो कुटाने. कूट सैल भरला तर त्याच वाटीत साठ-पासष्ट ग्रॅम, चमच्याने दाबून भरला तर ऐंशीच्याही पुढे. वाटी तीच, हातही तोच! म्हणून कुटाचे माप कधीच कुटावर घेऊ नये. आधी दाणे मोजावेत, मग कुटावेत. तिसरा हिस्सा वाटी दाण्यांचा कूट सैल भरून जवळजवळ अर्धी वाटी होतो, हे ध्यानात ठेवले की पुरे.

पथ्य पाळणारी मंडळी सकाळचे पाच बदाम काटेकोर मोजतात आणि भाजीतला, कोशिंबिरीतला, चटणीतला कूट हिशेबात धरतच नाहीत. एकादशीला तर विचारूच नका. दोघांच्या साबुदाण्याच्या खिचडीत अर्धी वाटी कूट पडला, तर प्रत्येकाच्या ताटात पंधरा-सोळा ग्रॅम दाणे आले, म्हणजे निम्मा वाटा तिथेच संपला. वर दाण्याची आमटी असेल तर उरलेलाही संपला, आणि लाडू हिशेबाबाहेरच राहिला.

शेंगा फोडून खाणाऱ्यांनी टरफलाचे वजन वजा करावे. वाळलेल्या 100 ग्रॅम शेंगांतून साधारण 70 ग्रॅम दाणे निघतात. बदाम भिजत घालायचे तर आधी मोजावेत, कारण भिजल्यावर पाण्याचे वजन वाढते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना मात्र 30 ग्रॅमचा हा आकडा लागू पडेलच असे नाही; पोटॅशियम आणि फॉस्फरसमुळे त्यांना कमी प्रमाण सांगितले जाऊ शकते. त्यांनी आपल्या डॉक्टरांकडून ग्रॅमचा आकडा लिहून घ्यावा आणि मगच वाटी हातात घ्यावी.