स्वयंसेवी संगणन : नव्या आवृत्तीची कसोटी

घरातील किंवा कार्यालयातील संगणक दिवसभर चालू असला, तरी त्याची बहुतेक गणनशक्ती वापराविना पडून असते. मनुष्य एखादे पत्र वाचतो, त्यावर विचार करतो, उत्तराची जुळवाजुळव करतो. तेवढ्या अवधीत त्याच्या समोरचा संगणक कोट्यवधी आकडेमोडी पार पाडू शकला असता. ही वाया जाणारी शक्ती विज्ञानाच्या कार्यासाठी एकत्र आणावी, या विचारातून 'स्वयंसेवी संगणन' ही पद्धत उदयास आली. घरटी एक माणूस श्रमदानास आला की गावाचा बंधारा उभा राहतो; तद्वत लाखो संगणकांनी थोडा थोडा भार उचलला की एखाद्या महासंगणकास साजेसे काम उभे राहते.

मात्र श्रमदानात कुदळीचा दांडा मोडला तर तो सर्वांना दिसतो. संगणकाला दिलेल्या आज्ञावलीत दोष राहिला, तर तो पुष्कळदा कोणालाच दिसत नाही आणि चुकीचे काम बिनबोभाट चालू राहते. म्हणूनच या आज्ञावलीची प्रत्येक नवी आवृत्ती सर्वांच्या हाती देण्यापूर्वी तिची कसून चाचणी घ्यावी लागते. हे कामही मोठ्या प्रमाणावर स्वयंसेवकच करतात, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होय.

कार्यपद्धती

अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' हा प्रकल्प सुरू केला. पोर्तो रिको बेटावरील अरेसिबो येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने टिपलेल्या लहरींत परग्रहावरील बुद्धिमान जीवांचा एखादा संकेत सापडतो काय, याचा शोध घेणे हा त्याचा उद्देश होता. दुर्बिणीने नोंदविलेल्या माहितीचे लहान लहान तुकडे करून ते घरोघरीच्या संगणकांकडे पाठविण्यात येत. एका तुकड्यात सुमारे १०७ सेकंदांची नोंद असे. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी या शोधात आपले संगणक जोडले. ३१ मार्च २०२० रोजी या प्रकल्पाने नवे काम पाठविणे थांबविले.

या अनुभवाच्या आधारे डेव्हिड अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ पासून 'बॉइंक' नावाची सर्वसामान्य व्यवस्था विकसित केली. खगोलशास्त्र, हवामान, गणित, प्रथिनांची रचना अशा कोणत्याही विषयाच्या प्रकल्पास ती वापरता येते. येथे दोन प्रकारच्या आज्ञावल्यांतील फरक ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पहिली व्यवस्थापक आज्ञावली. ती काम मागवून घेते, संगणकाला सवड मिळेल तसे ते चालविते आणि उत्तर परत पाठविते. दुसरी प्रत्यक्ष वैज्ञानिक गणिताची आज्ञावली. ती प्रत्येक प्रकल्पाची वेगळी असते. कारभारी आणि कारागीर असे हे नाते आहे. नवी आवृत्ती दोहोंचीही निघते व चाचणी दोहोंचीही घ्यावी लागते.

प्रयोगशाळेतील चाचणी अपुरी का पडते?

शितावरून भाताची परीक्षा होते, असे आपण म्हणतो. पण ती एका हंडीतल्या भाताला लागू पडते. स्वयंसेवी संगणनात प्रत्येक घराची हंडी वेगळी असते. कोणाकडे विंडोज, कोणाकडे लिनक्स, कोणाकडे मॅक. कोणाचा संगणक जुना, कोणाचा नवा. कोठे वीज अखंड मिळते, कोठे ती अवचित जाते. कोठे विषाणुरोधक आज्ञावली नव्या फाइलीस हरकत घेते. हे सर्व प्रकार एका प्रयोगशाळेत मांडून ठेवणे अशक्य असते. ही आज्ञावली लिहिणारे तंत्रज्ञ मोजके आणि ती वापरणारे मात्र असंख्य. त्यामुळे निरनिराळ्या परिस्थितीत राहणारे चाचणीकार हीच या व्यवस्थेची खरी प्रयोगशाळा ठरते.

यासाठी टप्प्याटप्प्याची पद्धत स्वीकारण्यात आली आहे. तंत्रज्ञांनी स्वतः तपासलेली आवृत्ती प्रथम चाचणीकारांच्या स्वाधीन केली जाते. त्यांनी कळविलेले दोष दुरुस्त करून सुधारित आवृत्ती पुन्हा त्यांच्याकडे येते. अशा काही फेऱ्या झाल्यावरच ती सर्वांसाठी खुली होते. वैज्ञानिक आज्ञावल्यांसाठी काही प्रकल्प स्वतंत्र चाचणी प्रकल्पच चालवितात. प्रथिनांच्या घडणीचा अभ्यास करणाऱ्या 'रोझेटा ॲट होम' या प्रकल्पाने 'राल्फ ॲट होम' हा चाचणी प्रकल्प याच हेतूने उभारला. तेथे मिळणाऱ्या उत्तरांपेक्षा आज्ञावली नीट चालते की नाही, याला महत्त्व असते.

चाचणीकार काय पाहतो?

चाचणीची सुरुवात आज्ञावली बसविण्यापासूनच होते. जुनी आवृत्ती असताना तिच्यावर नवी बसविली, तर अर्धवट झालेले काम शाबूत राहते काय, हा पहिला प्रश्न. काही प्रकल्पांतील एकेक काम पुरे होण्यास कित्येक आठवडे लागतात. आवृत्ती बदलताना ते पुसले गेले, तर तेवढ्या दिवसांचे दान व्यर्थ जाते.

त्यानंतर थांबणे आणि पुन्हा सुरू होणे यांची परीक्षा असते. वैज्ञानिक आज्ञावली ठराविक अंतराने आपल्या कामाची स्थिती डिस्कवर नोंदवून ठेवते. संगणक अचानक बंद पडल्यास पुढचे काम शेवटच्या नोंदीपासून सुरू झाले पाहिजे. चाचणीकार यासाठी काम मध्येच थांबवून पाहतो, संगणक बंद करून पाहतो आणि वीज गेल्यासारखी स्थितीही मुद्दाम निर्माण करतो.

तिसरी परीक्षा मालकाच्या सोयीची. संगणक वापरात असताना काम थांबावे, बॅटरीवर चालू असताना थांबावे, ठरवून दिलेल्यापेक्षा अधिक जागा डिस्कवर अडवू नये, अशा मर्यादा मालकाला घालता येतात. त्या मर्यादा खरोखर पाळल्या जातात काय, हे एकेक करून तपासावे लागते. इंटरनेटची जोडणी तुटल्यास तयार उत्तर जपून ठेवले जाते काय आणि जोडणी परत येताच ते रवाना होते काय, हेही पाहिले जाते. शेवटी आज्ञावली काढून टाकल्यावर ती मागे काही ठेवून जात नाही ना, याचीही खात्री करून घेतली जाते.

दोषाची नोंद

'आज्ञावली चालत नाही' एवढेच कळविणे म्हणजे 'बरे वाटत नाही' एवढेच सांगून वैद्याकडून औषधाची अपेक्षा करण्यासारखे आहे. उपयुक्त नोंदीत पुढील गोष्टी असाव्या लागतात : संगणकाचा प्रकार आणि त्यावरील कार्यप्रणाली, आज्ञावलीच्या आवृत्तीचा पूर्ण क्रमांक, दोष दिसण्यापूर्वी केलेल्या कृती, क्रमवार, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, तसेच आज्ञावलीने स्वतःच्या नोंदवहीत लिहिलेला मजकूर. त्याच कृती पुन्हा केल्यावर तोच दोष पुन्हा दिसतो काय, ही माहिती सर्वांत मोलाची. जो दोष हवा तेव्हा पुन्हा दाखविता येतो, त्याचे मूळ लवकर सापडते.

काहीच दोष आढळला नाही, तर तेही कळवावे लागते. एखाद्या जातीच्या संगणकावरून तक्रार आली नाही, याचे दोन अर्थ संभवतात. आज्ञावली तेथे उत्तम चालली किंवा तेथे कोणी ती चालवूनच पाहिली नाही. 'तपासले, ठीक आहे' या तीन शब्दांनी हा संशय फिटतो.

बोलके दोष आणि मुके दोष

आज्ञावली बंद पडली, पडदा गोठला, चुकीची सूचना आली, हे बोलके दोष होत. ते आपण होऊन आपली ओळख देतात. खरी कसोटी लागते ती मुक्या दोषांपुढे. सर्व काही सुरळीत चालल्याचे दिसते, परंतु उत्तर चुकलेले असते किंवा ते योग्य जागी पोचलेले नसते.

यावर पहिला उपाय म्हणून एकच काम बहुधा दोन निरनिराळ्या घरी पाठविले जाते आणि दोन्ही उत्तरे जुळली तरच ती ग्राह्य धरली जातात. 'आइन्स्टाइन ॲट होम' या प्रकल्पाने ऑगस्ट २०१० मध्ये एक नवा स्पंदक तारा सापडल्याचे जाहीर केले. सेकंदाला सुमारे ४१ वेळा फिरणाऱ्या त्या ताऱ्याची खूण अमेरिकेतील आयोवा राज्यातील एका दांपत्याच्या आणि जर्मनीतील माइन्झ येथील एका स्वयंसेवकाच्या, अशा दोन ठिकाणच्या संगणकांवर मिळाली होती.

परंतु निर्दोष संगणकांचीही उत्तरे कधी कधी जुळत नाहीत. स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवरील सर्न या संस्थेने २००४ साली 'एलएचसी ॲट होम' सुरू केला. २७ किलोमीटर परिघाच्या कड्यात फिरणाऱ्या कणांचा मार्ग स्थिर राहील काय, याचे गणित त्यात होते. कणांच्या दहा लाखांपर्यंत फेऱ्या मोजल्या जात. घातांक, लॉगरिदम यांसारख्या फलांच्या किमती काढताना निरनिराळ्या संगणकांवर अगदी शेवटच्या अंकात फरक पडे आणि फेऱ्यांगणिक तो वाढत जाऊन उत्तरे वेगळी होत. अखेरीस फ्रान्समधील लियाँ येथील संशोधकांनी तयार केलेला, सर्व संगणकांवर एकसारखी व अचूक किंमत देणारा आज्ञावली-संग्रह वापरून हा प्रश्न सोडविण्यात आला.

उत्तर बरोबर असूनही ते हरवावे, असाही प्रसंग घडला. मोठ्या मूळ संख्यांचा शोध घेणाऱ्या, १९९६ साली सुरू झालेल्या 'गिम्प्स' या स्वयंसेवी उपक्रमातील एका संगणकाने १७ सप्टेंबर २०१५ रोजी तोवरची सर्वांत मोठी मूळ संख्या सापडल्याची वार्ता केंद्राकडे पाठविली. ही संख्या २,२३,३८,६१८ अंकी होती. परंतु अशी वार्ता येताच संबंधितांना पत्र धाडण्याच्या यंत्रणेतच दोष असल्यामुळे ती कोणाला कळली नाही. ७ जानेवारी २०१६ रोजी, नेहमीच्या देखभालीत, ती माणसाच्या दृष्टीस पडली. सुमारे पावणेचार महिने जगातील सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या एका नोंदीत पडून राहिली होती.

हवामान प्रयोगाचा धडा

याहून गंभीर उदाहरण हवामानाच्या प्रयोगाचे आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या 'क्लायमेट प्रेडिक्शन' प्रकल्पाने बीबीसीच्या साहाय्याने फेब्रुवारी २००६ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू केला. प्रत्येक स्वयंसेवकाच्या संगणकावर १९२० ते २०८० या काळातील पृथ्वीच्या हवामानाचे एक प्रतिरूप चालवायचे होते. हजारो घरांत संगणक रात्रंदिवस चालू राहिले. एप्रिलमध्ये ध्यानात आले की, मानवी उद्योगांतून हवेत मिसळणाऱ्या सल्फेटची माहिती पुरविणाऱ्या फाइलीत चूक आहे. सल्फेटचे कण सूर्यप्रकाश परतवून पृथ्वीला काहीशी थंड ठेवतात. हा परिणाम गणितात न उतरल्यामुळे प्रतिरूपातील पृथ्वी वाजवीपेक्षा वेगाने तापत होती.

आज्ञावली कोठेही अडखळली नव्हती, एकही सूचना पडद्यावर आली नव्हती. अशा दोषापुढे दोन उत्तरे ताडून पाहण्याचा उपायही फोल ठरतो. कारण चुकीची फाइल सर्वांकडे सारखीच असते. वजनाचे मापच खोटे असेल, तर शंभर दुकानांतील वजने जुळली म्हणून माल पुरा भरत नाही. असा दोष पकडायचा, तर चाचणीकाराने आज्ञावली चालते काय एवढे पाहून भागत नाही. आलेले उत्तर वास्तवाशी, पूर्वीच्या नोंदींशी मेळ खाते काय, हे विषयाच्या जाणकाराने प्रारंभीच पाहिले पाहिजे.

आयोजकांनी चूक झाकली नाही. तिचे कारण स्वयंसेवकांना उघडपणे सांगण्यात आले आणि दुरुस्त फाइल देऊन प्रतिरूपे पुन्हा १९२० पासून चालविण्याची विनंती करण्यात आली.

दानाची राखण

स्वयंसेवी संगणनात सहभागी होणाऱ्यास वेतन नसते, सक्तीही नसते. वीज त्याची, यंत्र त्याचे, वेळ त्याचा. संगणक विनाकारण मंदावला किंवा महिन्याभराचे काम एका रात्रीत नाहीसे झाले, तर तो तक्रार करीत बसत नाही. आज्ञावली काढून टाकतो आणि बहुधा परत येत नाही. एका सदोष आवृत्तीमुळे गमावलेले सहभागी पुन्हा मिळविणे हे दोष दुरुस्त करण्यापेक्षा कठीण असते.

चाचणीकार होण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही. ज्यावर महत्त्वाची कागदपत्रे नाहीत असा एखादा संगणक, थोडी सवड, दिसेल ते जसेच्या तसे लिहून काढण्याची सवय आणि तीच कृती न कंटाळता दहा वेळा करण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. शोध जाहीर होतो तेव्हा ज्याच्या संगणकावर तो लागला त्याचा गौरव होतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या संगणकाने दिलेल्या उत्तरावर शास्त्रज्ञ निःशंकपणे विसंबू शकले, यामागे कित्येक आठवडे आधी कोणीतरी कळविलेले 'तपासले, ठीक आहे' हे तीन शब्द असतात.