विज्ञानाचे अध्ययन आणि अनिश्चितता : मद्रासमधील एक भेट

शोधकबुद्धीचा विकास हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य असल्याचे राज्यघटनेच्या ५१-क कलमात नमूद आहे. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने या कर्तव्यांचा समावेश झाला. परंतु ही बुद्धी विद्यार्थ्यात प्रत्यक्ष कशी घडते? चेन्नई (तत्कालीन मद्रास) येथील १९२८ मधील एक प्रसंग या दृष्टीने उद्बोधक आहे.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर त्या वेळी तेथील प्रेसिडेन्सी कॉलेजात पदवीचे शिक्षण घेत होते. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड यांचा अणुरचनेवरील ग्रंथ त्यांनी स्वतःहून अभ्यासला होता. सोमरफेल्ड मद्रासला आले असता चंद्रशेखर त्यांना भेटण्यासाठी थेट हॉटेलवर गेले. तेथे त्यांना समजले ते अनपेक्षित होते. ग्रंथ लिहिला गेल्यानंतर हायझेनबर्ग, श्रोडिंगर व डिरॅक यांच्या कार्यामुळे त्यातील बरेचसे भौतिकशास्त्र कालबाह्य झाले होते. परीक्षेच्या तोंडावर अभ्यासक्रम बदलल्याचे कळावे, तशीच ही अवस्था! चंद्रशेखर हादरले.

सोमरफेल्ड यांनी मात्र केवळ उपदेश केला नाही. धातूंतील इलेक्ट्रॉनांना फर्मी-डिरॅक सांख्यिकी लावणाऱ्या आपल्या अप्रकाशित लेखाची मुद्रितेच त्यांनी या विद्यार्थ्याच्या हाती दिली. शिक्षक म्हणून त्यांचे मोठेपण येथे दिसते. चंद्रशेखर यांनी त्या सांख्यिकीचा उपयोग कॉम्प्टन विकिरणाच्या प्रश्नासाठी केला आणि १९२९ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला.

हीच सांख्यिकी पुढे ताऱ्यांपर्यंत पोहोचली. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. त्यामुळे द्रव्य अतिशय दाबले गेले की इलेक्ट्रॉनांना अधिकाधिक ऊर्जेच्या अवस्थांत जावे लागते व त्यातून निर्माण होणारा दाब श्वेतबटू ताऱ्याला तोलून धरतो. १९३० मध्ये इंग्लंडच्या जहाजप्रवासात चंद्रशेखर यांनी या गणितात सापेक्षता सिद्धांताची भर घातली. इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या जवळ गेल्यावर हा आधार अपुरा पडतो, असे आढळले. ही वस्तुमानमर्यादा सूर्याच्या सुमारे १.४ पट मानली जाते.

मर्यादेपलीकडील ताऱ्याचे काय होते? याचे उत्तर त्यांच्यापाशीही नव्हते. १९३४ मध्ये त्यांनी तसे मोकळेपणाने लिहिलेही. जानेवारी १९३५ मध्ये लंडनमधील सभेत नामवंत खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी हा निष्कर्ष हास्यास्पद ठरवला. तो घाव खोल होता. १९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवरील ग्रंथ प्रसिद्ध करून चंद्रशेखर दुसऱ्या विषयाकडे वळले आणि पुढेही काही वर्षांनी विषय बदलून नव्याने विद्यार्थी होण्याची सवय त्यांनी जपली. १९८३ मध्ये त्यांना विल्यम फाउलर यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. कृष्णविवरांवरील त्यांचा ग्रंथही त्याच वर्षी प्रकाशित झाला.