गोळी सकाळची, दही दुपारचं

न्यू जर्सीत आमच्या घरामागे रान आहे, रानात हरणं आहेत आणि गवतात खसखशीच्या दाण्याएवढी गोचिडीची पिल्लं. जूनमध्ये गुडघ्यामागे लाल चट्टा उठला आणि रोज पसरत गेला. डॉक्टरांनी तो नुसता पाहूनच लाइम या गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या आजाराचं निदान केलं. डॉक्सीसायक्लिन, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. नंतर आजारापेक्षा गोळीनेच जास्त छळलं.

1. पहिल्या 24 तासांत हुडहुडी भरून ताप चढला, अंग ठणकलं, तर लगेच गोळीला दोष देऊ नका. जंतू मरू लागले की काहींना असं होतं आणि साधारण दिवसभरात ओसरतं. पित्त उठलं, ओठ सुजले, श्वास लागला, तर मात्र ती अ‍ॅलर्जी. थेट 911.

2. पेलाभर पाणी आणि त्यानंतर अर्धा तास ताठ बसणं. ही कॅप्सूल अन्ननलिकेत अडकली तर तिथे व्रण पडतो आणि मग आवंढाही गिळवत नाही. म्हणून रात्रीची गोळी जेवणाबरोबर घ्यावी, अंथरुणात शिरताना नाही.

3. आपल्या घरात खरी अडचण दुधाची. सकाळचा चहा, ताक, झोपताना हळद-दूध! कॅल्शियम या औषधाला धरून ठेवतं आणि ते रक्तात कमी उतरतं. दुधाने थोडं, कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्यांनी बरंच जास्त. पन्नाशीच्या बायकांच्या डब्यात या दोन्ही असतातच. मळमळ होते म्हणून अँटासिड घ्यावं, तर तेही त्याच माळेचं. मी डॉक्सी सकाळी आठ आणि रात्री आठला ठेवली, दहीभात आणि कॅल्शियम दुपारी. सकाळी कोरा चहा, जो मला आजही आवडत नाही. मळमळीवर उपाय एकच लागू पडला: पोट रिकामं न ठेवणं. मऊ भात, तूप-मीठ, कधी उपमा. हे औषध जेवणाबरोबर चालतं.

4. ऊन. वांगी-टोमॅटोच्या वाफ्यात थोडा वेळ काम केलं तरी हाताची पाठ भाजल्यासारखी होते. आपला सावळा रंग इथे पुरेसा नाही. पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन, आणि बागकाम संध्याकाळी.

5. बायका बोलत नाहीत म्हणून लिहिते: अँटिबायोटिकने योनीमार्गात खाज, पांढरा स्राव होऊ शकतो. साधा बुरशीचा संसर्ग असतो, औषधाने बरा होतो. डॉक्टरांना सांगा.

6. डोकं फुटेल असं दुखणं आणि धूसर दिसणं, किंवा पाण्यासारखे वा रक्त पडणारे जुलाब, अगदी कोर्स संपल्यानंतरच्या आठवड्यांतसुद्धा. यात घरगुती काढे करत बसू नये, फोन करावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते आधीच सांगावं.

7. कोर्स संपला तरी थकवा रेंगाळतो. अशा रेंगाळणाऱ्या तक्रारींवर आणखी 12 आठवडे अँटिबायोटिक देऊन नेदरलँड्समध्ये पाहिलं गेलं. 2016 साली निष्कर्ष छापून आला: जास्तीचा फायदा नाही. तेव्हा कुणी महिनोन्‌महिने गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका.