बल्ब लुकलुकतोय? आधी मोजा, मग बदला



एलईडी बल्ब आता घरोघरी आले. बिल कमी येतं, उजेडही छान पडतो. पण कितीतरी घरांत एक तक्रार असते : "बल्ब नवा आहे, तरी लुकलुकतो." मग आपण दुसरा आणतो. तोही लुकलुकतो, आणि आपण दुकानदाराला बोल लावतो. खरं तर पुष्कळदा बल्ब चांगलाच असतो. दोष होल्डरमध्ये असतो, डिमरमध्ये असतो, नाहीतर थेट खांबावर असतो. खांबावरचा दोष असेल तर प्रश्न नुसत्या बल्बचा राहत नाही. घरातला फ्रीज, टीव्ही, कर्ज काढून घेतलेली गिरणी, सगळंच धोक्यात येतं.

म्हणून या पाठाचं सूत्र एकच : किती बल्ब लुकलुकतात ते आधी मोजा.

हात लावण्याआधी

नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच बंद करा. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, उभं राहायला लाकडी स्टूल. लोखंडी खुर्ची नको. बल्ब थंड होऊ द्या. आपण फक्त बल्ब काढायचा आणि लावायचा. वायर उघडायचं काम वायरिंगवाल्याचंच.

१. एकच बल्ब लुकलुकतो

तो बल्ब काढून दुसऱ्या खोलीत लावा आणि तिथला इथे आणा. लुकलुक बल्बाबरोबर गेली, तर बल्ब खराब. बिल जपून ठेवलं असेल आणि वॉरंटीची मुदत असेल तर बदलून मागा, तो आपला हक्क आहे. लुकलुक जागेवरच राहिली, तर होल्डर बघायला सांगा. आतल्या पिनांची स्प्रिंग ढिली पडते, पिना काळ्या होतात. होल्डरमधून चटचट आवाज किंवा जळका वास येत असेल तर तो बल्ब लावूच नका. सैल जोड तापतो आणि त्यातूनच आग लागते.

२. डिमरवरचा बल्ब लुकलुकतो

उजेड कमी-जास्त करायला काही घरांत डिमर बसवलेला असतो. जुने डिमर तारेच्या पिवळ्या बल्बसाठी बनलेले आहेत. डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा भाग कापतो. तारेचा बल्ब तापलेला असल्यामुळे त्याला हे जाणवत नाही, पण एलईडीच्या आतलं सर्किट त्याने गोंधळतं. शिवाय ६० वॅटच्या जागी आपण ९ वॅटचा बल्ब लावतो. एवढ्या कमी भारावर जुना डिमर नीट चालत नाही.

उपाय असे. बल्बच्या खोक्यावर 'डिमेबल' लिहिलंय का ते बघा. नसेल तर तो डिमरवर लावू नका. डिमेबल असूनही लुकलुकत असेल तर एलईडीसाठीचा डिमर बसवून घ्या. उजेड कमी-जास्त करायची गरजच नसेल तर डिमर काढून साधं बटण बसवा, सगळ्यात स्वस्त उपाय हाच! पंख्याच्या रेग्युलेटरवर कुणी बल्ब जोडला असेल तर तोही काढायला लावा.

३. बटण बंद, तरी बल्ब मिणमिणतो

बटणावर छोटा लाल दिवा असेल तर त्यातून जाणाऱ्या थोड्याशा करंटने एलईडी मिणमिणतो. त्याला घाबरायचं कारण नाही. पण दुसरंही कारण असू शकतं : बटण फेजऐवजी न्यूट्रलच्या वायरवर जोडलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद असूनही होल्डरमध्ये करंट राहतो. पुसायला हात लावला की झटका! वायरिंगवाल्याकडून हे आवर्जून तपासून घ्या.

४. सगळं घर लुकलुकतं

आता शेजारणीला हाक मारा. तिच्याकडे ठीक असेल तर दोष आपल्या मीटरपाशी, मेन स्विचपाशी किंवा सर्व्हिस वायरमध्ये असू शकतो. गिरणी किंवा मोटार सुरू होताना उजेड क्षणभर मंदावला तर समजण्यासारखं आहे. पण तो मंदच राहिला, तर भार जास्त आहे किंवा वायर बारीक आहे.

शेजारीही तेच होत असेल तर दोष खांबावर किंवा डीपीवर. तिथली न्यूट्रल तुटली की काही घरांत दाब एकदम उतरतो आणि काही घरांत नेहमीच्या २३० व्होल्टच्या बराच वर चढतो. बल्ब अचानक झगझगीत झाले तर वाट बघू नका. मेन स्विच बंद करा, फ्रीज-टीव्हीचे प्लग काढा, शेजारी सांगा आणि १९१२ या वीज तक्रार क्रमांकावर फोन करा. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा. खांबावर स्वतः कुणी चढायचं नाही, घरातल्या माणसांनाही चढू द्यायचं नाही.

पुढच्या बैठकीत हे करा

- प्रत्येकीने घरातले लुकलुकणारे बल्ब मोजून यावं आणि वरच्या चारपैकी कोणता प्रकार ते सांगावं.
- एकाच डीपीवरच्या तीन-चार घरांची तक्रार असेल तर ग्रामसंघाच्या नावे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.
- वायरिंग तपासायला चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी माणूस बोलवा, खर्च वाटून घ्या.

पैशाचा हिशोब आपण ठेवतोच, ताई. आता घरातल्या विजेवरही तशीच नजर ठेवूया.