धर्मतचे रणक्षेत्र

उज्जैनच्या नैर्ऋत्येस काही कोसांवर धर्मत हे खेडे आहे. १६५७ साली शाहजहान आजारी पडताच त्याच्या पुत्रांत जी यादवी माजली, तिच्यातील एक मोठी लढाई एप्रिल १६५८ मध्ये येथे झाली. बादशाही फौजेचे आधिपत्य जोधपूरचे महाराजा जसवंतसिंह यांच्याकडे होते. समोर औरंगजेब व मुराद हे दोघे बंधू एकत्र आले होते.

रणभूमी पाहिल्यावाचून या लढाईचा उलगडा होत नाही. जसवंतसिंहांनी निवडलेली जागा अरुंद असून तिच्या दोन्ही अंगांस खंदक व दलदल होती. बचावास ती सोयीची वाटली असावी; परंतु त्यामुळे त्यांच्याच घोडदळास पसरण्यास वाव उरला नाही. राजपूत स्वार निकराने शत्रूच्या तोफखान्यावर तुटून पडले, पण त्यांच्या पाठीशी कुमक पोहोचली नाही. जसवंतसिंह जखमी होऊन जोधपूरकडे वळले. रतलामचे रतनसिंह राठोड धारातीर्थी पडले. त्यांची छत्री येथे आहे.

विजयाची खूण म्हणून औरंगजेबाने वसविलेले फतेहाबाद जवळच आहे. रतलाम-इंदूर लोहमार्गावरील त्या नावाच्या जंक्शनवर गाडी बदलणाऱ्या प्रवाशास या नावाचा इतिहास क्वचितच ठाऊक असतो. जिज्ञासूने शक्य तर पावसाळ्यात येथे यावे. माळव्याच्या काळ्या मातीत पाऊल रुतले, की घोडदळाची अडचण निराळी सांगावी लागत नाही.