छापलेली हळद आणि उरेब कापड

चि. भाचीबाई हिला आष्ट्याहून मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तिन्ही कलेक्शनचे फोटो पोचले. शिवणक्लासच्या पोरींनी ते मोबाइलवर मोठे करकरून पाहिले आणि पहिल्या वर्षाच्या त्या प्रवाळाच्या झालरींवर सगळ्याच भाळल्या. दुसऱ्या वर्षाचं क्योटोचं मंदिर ठीक आहे, त्यावर बोलण्यासारखं फार नाही. तिसरं, ज्यावर तुझी पदवी अडली आहे ते 'कृष्णाकाठ', मावशीच्या मनाला आलेलं नाही. हे पत्र त्यासाठीच.

'कृष्णाकाठ'च्या पहिल्या पानावर हळद, ऊस, घाट, कोल्हापुरी पायताण आणि इरकली पदर असे फोटो चिकटवले आहेस. पुढच्या पानांवर तेच फोटो पिवळ्या पॉलिस्टरवर छापले आहेस. आणि कट? तोच, जो क्योटोला होता. बाही तीच, घेर तोच. चित्र बदललं, कपडा जागचा हलला नाही.

चित्रावरून कपडा करू नये असं नाही. इव्ह सँ लोराँने 1965 साली डच चित्रकार मोंद्रियानच्या रंगीत चौकटी घेऊन लोकरी जर्सीचे झगे केले, ते जगभर गाजले. लांबून ते छापल्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात एकेक चौकोन आणि एकेक काळी पट्टी वेगळी कापून जोडलेली आहे. छातीला, कमरेला आकार देण्यासाठी टक्स लागतात ना, ते त्याने त्या जोडांतच जिरवून टाकले. त्यामुळे झगा सपाट दिसतो आणि अंगावर मात्र बसतो. मोंद्रियानची चौकट त्याने शिवणीच्या कामाला लावली. ज्याला रोज कात्री धरायची आहे त्याने त्या झग्यांचे फोटो शिवणीवर बोट ठेवून पाहावेत.

आता आपल्याकडचं उदाहरण, आणि ते तुला तोंडपाठच हवं. भानू अथैया कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये, जन्म 1929 चा. वडील अण्णासाहेब चित्रकार. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढली, तिथून सिनेमात गेल्या. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी 1983 साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. एवढं सगळे सांगतात. त्यांनी 'आम्रपाली'साठी (1966) काय केलं, ते फारसं कुणी सांगत नाही. अजिंठ्याची भित्तिचित्रं अभ्यासून त्यांनी वैजयंतीमालेचे कपडे बेतले. पण अजिंठ्यातली बाई भिंतीवर स्थिर उभी आहे आणि वैजयंतीमालेला कॅमेऱ्यासमोर नाचायचं होतं. चित्रातलं गुंडाळलेलं, खोचलेलं वस्त्र नाचात सुटणार नाही असं करायचं, हे खरं काम. दोनच वर्षांनी 'ब्रह्मचारी'त मुमताजची ती नारिंगी साडी आली. दिसायला नेसलेली, खरं तर शिवलेली, चेन लावलेली. तिचं मूळ अजिंठ्यात नाही, कुठल्या परदेशी मासिकातही नाही. साडी नेसून ट्विस्ट करायचा तर ती जागेवर राहील कशी, या अडचणीत आहे. अडचण हीसुद्धा प्रेरणाच, फक्त ती पहिल्या पानावर चिकटवता येत नाही.

तुझ्या हळदीकडे येऊ. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे तू ठळक अक्षरात लिहिलं आहेस. छान. पण हळद कापडावर काय करते, ते आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. आमटीचा डाग पडलेल्या पांढऱ्या टॉवेलला साबण लाव, डाग लालबुंद होतो. साबण अल्कलीचा आणि हळदीतल्या पिवळ्या द्रव्याला अल्कली लागली की ते तांबडं होतं. पारंपरिक कुंकू याच गुणावर तयार होतं. मग तोच टॉवेल दोरीवर चांगल्या उन्हात टाक, रंग विटत जातो. रंगारी यालाच कच्चा रंग म्हणतात. म्हणजे तुझ्या हाताशी एकाच मुळाचे तीन रंग आहेत: पिवळा, तांबडा आणि विटका. सुती कापड खऱ्या हळदीत रंगव, काही भाग पापडखाराच्या पाण्यात बुडव, चुण्या घालून उन्हात टाक. चुण्यांच्या पोटात पिवळा राहील, पाठीवर उडेल. तो कपडा वर्षभरात आणखी बदलेल, हे परीक्षकांना आधीच सांग. छापलेल्या हळकुंडाच्या चित्राला यातलं काहीच जमणार नाही.

इरकलीचंही तेच. आजीच्या पेटीतली ती जांभळी इरकल काढून पदराचा जोड बघ. अंगाचे उभे धागे वेगळे, पदराचे वेगळे, लाल रेशमाचे. दोन्ही ताणे फाशात फासे अडकवून एकमेकांत गुंतवलेले असतात, त्या रीतीला टोपतेणी म्हणतात. त्यासाठी प्रत्येक साडीचा ताणा वेगळा तयार करावा लागतो. लाल पदरावर पांढऱ्या नक्ष्या असतात, कंगव्याच्या, किल्ल्याच्या बुरुजांच्या, ज्वारीच्या. तू त्या नक्ष्या उचललेल्या दिसतात. टोपतेणीचा फासा उचलला असतास, दोन वेगळ्या जातींची कापडं शिवण न मारता कशी अडकवता येतील याचा विचार केला असतास, तर मावशीने क्लासला सुट्टी दिली असती.

उरेब कापणीबद्दलही एक. ब्लाऊजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो, कारण तिरकं कापलेलं कापड ताणतं आणि वळणावर गुमान बसतं. पॅरिसच्या मादलेन व्हिओनेने 1920 च्या दशकात अख्खे झगेच उरेब कापले आणि नाव केलं. आष्ट्याच्या प्रत्येक शिवणयंत्राजवळ जे पट्टीपुरतं पडून असतं, तेच हे ज्ञान.

आता पायताण. हा भाग जपून कर. कोल्हापुरी चपलेला 2019 साली मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या 4 आणि कर्नाटकाच्या 4 जिल्ह्यांना मिळून. त्यात कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि आपला सांगली. जून 2025 मध्ये प्राडाने मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि नुसतं 'चामडी सँडल' म्हटलं. गदारोळ उठला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने कंपनीला पत्र धाडलं, कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा कबूल केली, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड इथे बनवायचे, किंमत जोडीला सुमारे 800 युरो. त्यातले कारागिराच्या पदरात किती पडतील, ते बघायचं. पण मुद्दा तुझ्या फाइलीचा आहे. तू 'कोल्हापुरीवरून प्रेरित' लिहिलंस, चप्पल कुणी केली ते कुठेच नाही. आधी प्राडानेही तेवढंच केलं असतं तर एवढं रामायण झालं नसतं, हे खरं. तरी तुझ्याकडून जास्त अपेक्षा आहे. तू इथली आहेस.

क्योटोच्या मंदिरावर पाच पानं खर्चणाऱ्या पोरीच्या फाइलीत चौंडेश्वरी मात्र नाही. ती आष्ट्याची ग्रामदेवता आणि देवांग कोष्ट्यांचं, म्हणजे विणकरांचंच कुलदैवत. तिच्या भावईच्या उत्सवात लहानपणी तू रात्र रात्र जागलेली आहेस. बालगंधर्वांचं नागठाणेही जवळच. रंगमंचावरच्या स्त्रीभूमिकांतल्या त्यांच्या नेसणीची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत, म्हणजे पुरुषाने बाईचं पाहून घेतलं आणि बायांनी ते परत त्याच्याकडून घेतलं. यावर कुणी कलेक्शन केल्याचं मावशीच्या ऐकिवात नाही.

पॉलिस्टरची ऑर्डर रद्द कर. पहिला नमुना मांजरपाटात काप आणि फोटो पुढून नको, आतल्या शिवणीचे पाठव. सुट्टीत आलीस की जतकडे सनगरांचा घोंगडीचा माग बघून येऊ. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, ती हाताने लावून बघ. एसटीने जायचं आहे, त्या उंच टाचा घेऊन येऊ नकोस.

तुझी,
मावशी